सेंट पीटर्स, लंडन डॉक्स : टॉवर हिलवरून चालत जाऊ नका

आधी पैशांचं सांगते, कारण तो राग अजून उतरलेला नाही. माणशी २२ पौंड. मी आणि माझी नणंद, दोघींचे ४४. आपल्या हिशेबानं पाच हजारांच्या वर. ‘पूर्व लंडनमधली गरिबांची चर्चेस, तीन तास, पायी’ अशी जाहिरात होती. शेवटचा टप्पा होता वॉपिंगचं सेंट पीटर्स, ‘जिथे १८५९ च्या प्रसिद्ध दंगली झाल्या’. नणंद हॅरोला राहते. तिनं फोनवरूनच पैसे भरून टाकले आणि मला नंतर सांगितलं. मी आधी वाचलं असतं तर तिथेच खटकलं असतं. सेंट पीटर्सचा समर्पणविधी झाला ३० जून १८६६ ला. त्याच्या सात वर्षं आधीची दंगल त्या चर्चमध्ये होणार कशी?

गाईड तरुण होता, आवाज खणखणीत. होबर्नला सुरुवात बरी केली. पण पूर्वेकडे वळलो तसा त्याच्या अंगात जॅक द रिपर संचारला. तीन तासांतले दीड तास खून. कुठल्या बोळात कुठली बाई मिळाली, कुठला अवयव गायब होता, सगळं हातवारे करून. एका कोपऱ्यावर तर त्यानं नणंदेलाच बळी म्हणून भिंतीशी उभं केलं. ती बिचारी हसत उभी राहिली. चर्चचं नाव नाही. शेवटी टॉवर हिलला आणून सोडलं आणि म्हणाला, वेळ संपली, सेंट पीटर्स इथून सरळ रस्त्यानं पंधरा मिनिटं, चुकायचा प्रश्नच नाही. मी १८५९ आणि १८६६ चं विचारलं. ‘गोष्ट तीच ना, मॅडम,’ असं म्हणून त्यानं टोपी काढून टिपेसाठी पुढे केली. मी दिली नाही. नणंदेनं दोन पौंड टाकले. म्हणजे ४६.

मला त्या चर्चला जायचंच का होतं, तर मी गुरुवार पेठेतली. पंचहौदाच्या घंटा ऐकत वाढले. पुण्यात पंचहौद मिशन म्हटलं की लोकांना चहा आठवतो. १८९० साली गोपाळराव जोशींनी रानडे, टिळक आणि आणखी चाळीसेक मंडळींना व्याख्यानाला म्हणून तिथे बोलावलं, पुढे चहा-बिस्किटं आली, कुणी घेतली, कुणी नुसती हातात धरली, आणि मग नावं छापून आली. ग्रामण्य म्हणजे बहिष्काराचा वाद, प्रायश्चित्त, सगळा गाजावाजा. शाळेत असताना हे इतकं ऐकलं होतं की आमच्या घरी कुणी परक्या घरचा चहा नाकारला की ‘पंचहौद झालं का?’ असं विचारायचे.

पण ते मिशन नेमकं कुणाचं, हे फारसं कुणी विचारत नाही. ते होतं इंग्लंडातल्या कौलीच्या फादरांचं आणि वाँटेज गावच्या सिस्टरांचं. चर्च ऑफ इंग्लंडमध्येच राहून, पोपला न मानता, पण उपासना मात्र जुन्या कॅथलिक पद्धतीनं करणारा जो पंथ, त्यातली ही माणसं. त्यांना अँग्लो-कॅथलिक म्हणतात. १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो याच सिस्टरांच्या वाँटेजला. आणि बाप्तिस्मा घेऊनही त्या बाईंनी सिस्टरांना पत्रांतून जे भंडावून सोडलं! तुमच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं, आमच्यासाठी संस्कृत का नको, असा सरळ सवाल. असो. तर माझ्या डोक्यात एवढंच होतं, की गुरुवार पेठेत १८८५ साली पवित्र नाम देवालय उभारणाऱ्या या लोकांना गरीब वस्तीत जाऊन राहायची ही सवय लागली कुठून? त्याचं उत्तर वॉपिंगमध्ये आहे असं वाचलं होतं. म्हणून गेले.

होबर्नबद्दल थोडक्यात. चॅन्सरी लेन स्टेशनपासून पाच मिनिटांवर ब्रूक स्ट्रीट आणि तिथे सेंट अल्बन्स. १८६३ चं चर्च, विल्यम बटरफिल्डनं बांधलेलं, तेव्हा लंडनमधल्या सगळ्यात गलिच्छ चोरवस्तीच्या मधोमध. आता आजूबाजूला ऑफिसं आणि हिऱ्यांची दुकानं. १९४१ मध्ये बॉम्ब पडला, १९६१ मध्ये पुन्हा उघडलं, आणि आत वेदीमागे हान्स फायबुश या चित्रकाराचं भिंतभर चित्र आहे. चित्र बघण्यासारखं. गरीब वस्तीचा इतिहास शोधायला मात्र तिथे जाऊ नका, मिळणार नाही. माझं मत : वीस मिनिटं पुरेत.

एक गोष्ट मात्र तिथली लक्षात ठेवा, ती पुढे लागते. पहिले व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, अलेक्झांडर मॅकनॉकी. या माणसावर १८६७ पासून खटले चालले, ते पंधरा वर्षं. गुन्हा काय, तर वेदीवर मेणबत्त्या लावल्या, द्राक्षारसात पाणी मिसळलं, गुडघे टेकले. आपल्याला हसू येतं. आपल्याकडे समई लावली नाही तर गुन्हा. हे मॅकनॉकी होबर्नला आले ते वॉपिंगहूनच, आणि १८८२ मध्ये मरणाच्या दारात असलेल्या आर्चबिशप टेट यांनी विनंती केली म्हणून होबर्न सोडलं तेव्हा अदलाबदलीत मिळालं तेही वॉपिंगचं सेंट पीटर्सच. पण तोपर्यंत माणूस पार थकला होता. वर्षभरात राजीनामा. १८८७ च्या डिसेंबरात स्कॉटलंडच्या डोंगरात बर्फात वाट चुकले आणि तिथेच गेले. बरोबरचे दोन कुत्रे प्रेताशेजारी राखण करत बसलेले सापडले. गाईडनं हे काहीच सांगितलं नाही. कुत्र्यांचं तरी सांगायचं.

आता तो रस्ता.

टॉवर हिलपासून ईस्ट स्मिथफील्ड, आणि पुढे त्याचंच नाव होतं द हायवे. नावातच सगळं आलं. पंधरा मिनिटं म्हणाला होता, आम्हाला सेंट जॉर्जपर्यंतच पस्तीस लागली. मी रोज सकाळी पर्वती चढते, मला चालण्याचं भय दाखवू नका. पण हे चालणं नव्हे. दोन्ही अंगांनी ट्रक, मिक्सर, डबलडेकर. फूटपाथ अर्धा खणलेला, तिथून लोखंडी जाळ्यांमधून एकामागे एक जायचं. वरून भुरभुर पाऊस, इतका बारीक की छत्री उघडावी तर वाऱ्यानं उलटी होते आणि न उघडावी तर चष्म्यातून काही दिसत नाही. एका ट्रकनं डबकं उडवलं ते माझ्या गुडघ्यापर्यंत. भर दुपारी हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याच्या कडेनं चालल्याचा सगळा आनंद, फक्त उसाचा रस नाही. बोलायचं तर ओरडायचं. नणंद मागून ओरडली, ‘वहिनी, अजून किती?’ मी ओरडले, ‘आलंच!’ हे संभाषण चार वेळा झालं. तिच्या टाचेला फोड आला, कारण ती नव्या बुटात आली होती. मी सांगितलं होतं, ती ऐकत नाही.

जुन्या काळी याचं नाव रॅटक्लिफ हायवे. खलाशांचा रस्ता, गुत्ते, कुंटणखाने, आणि जॅमराक नावाच्या माणसाचं जनावरांचं दुकान. १८५७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे बंड पेटलं होतं त्या वर्षी, त्याच्याकडचा बंगाली वाघ पिंजऱ्यातून सुटला आणि एका पोराला तोंडात धरून चालू लागला. जॅमराकनं पोराला सोडवलं. टोबॅको डॉकपाशी त्या वाघाचा आणि पोराचा पुतळा आहे. हायवेनं आलेल्या माणसाला वाघ फार सौम्य वाटतो.

डाव्या हाताला पांढरट दगडाचा उंच मनोरा दिसला की ते सेंट जॉर्ज-इन-द-ईस्ट. थांबा. दंगली इथे झाल्या. इथे, सेंट पीटर्समध्ये नाही. दार कॅनन स्ट्रीट रोडच्या अंगाला आहे.

हॉक्समूर या वास्तुविशारदाचं हे चर्च १७२९ मध्ये पुरं झालं. बाहेरून अजस्र. आत गेलात की गंमत : १९४१ च्या बॉम्बनं आतलं सगळं जळलं, भिंती राहिल्या, आणि त्या जुन्या भिंतींच्या पोटात १९६४ मध्ये नवं छोटं चर्च बांधलं. मोठ्या रांजणात वाटी ठेवावी तसं. दोन भिंतींमध्ये उघडं अंगण आहे. तिथे आम्ही पायरीवर बसून थेपले खाल्ले, कुणी काही बोललं नाही. नणंदेनं बूट काढले. टाचेची कातडी निघाली होती, चिकटपट्टी नव्हती, मग मी पर्समधल्या रुमालाची घडी करून आत घातली. त्या पायरीवर बसून मी तिला दंगलीची गोष्ट सांगितली, कारण ४६ पौंडांत कुणीतरी ती सांगायला हवीच होती.

इथले रेक्टर, म्हणजे मुख्य पाद्री, ब्रायन किंग. १८४२ पासूनचे. माणूस विद्वान, जरा ताठ. त्यांनी हळूहळू वेदीवर मेणबत्त्या, गाणारं गायकवृंद, रेशमी झगे असं सुरू केलं. १८५६ मध्ये त्यांनी चार्ल्स लाउडर नावाच्या पाद्र्याला गोदीच्या वस्तीत मिशन काढायला बोलावलं. लाउडरचीही एक कथा आहे. आधीच्या चर्चमध्ये असताना चर्चच्या निवडणुकीतल्या विरोधी उमेदवाराच्या जाहिरातीची पाटी गळ्यात अडकवून एक माणूस फिरत होता, तर या महाशयांनी गायक पोरांना सहा पेन्स दिले, नासकी अंडी आणून त्याच्यावर फेकायला. बिशपनं सहा आठवडे घरी बसवलं. त्या सक्तीच्या सुट्टीत ते फ्रान्समध्ये गेले, संत व्हिन्सेंट द पॉलचं चरित्र वाचलं, आणि परतल्यावर १८५५ मध्ये पाच जणांबरोबर पाद्र्यांचा एक संघ काढला, सोसायटी ऑफ द होली क्रॉस. मला हा माणूस अंड्यांमुळे आवडला. निष्कलंक संतांची चरित्रं मला वाचवत नाहीत.

१८५९ मध्ये स्थानिक मंडळानं किंग यांच्या डोक्यावर एक कट्टर विरोधी व्याख्याता बसवला, ह्यू ॲलन. त्याला त्याच चर्चमध्ये रविवारी प्रवचनाचा हक्क. एका वेदीवर दोन पक्ष. तिथून भडका उडाला. रविवारमागून रविवार हजारांनी लोक आत घुसायचे, प्रार्थनेसाठी नव्हे. शिट्ट्या, हुर्यो, आत सोडलेले कुत्रे. गुडघे टेकायच्या उशा वरच्या सज्जातून वेदीवर फेकायचे. बाकाचा संडास केला. आत पोलीस उभे करावे लागले. बिशप टेट यांनी काही आठवडे चर्चला कुलूपच घातलं. आणि निमित्त काय, तर झगे आणि मेणबत्त्या.

निमित्त म्हणते, कारण मला ते पटत नाही. पोपची भीती खरी होती. १८५० मध्ये रोमनं इंग्लंडात पुन्हा बिशप नेमले, तेव्हापासून इंग्रज माणूस मेणबत्ती दिसली की बिथरत होता. पण दंगलखोरांत सामील होते गुत्तेवाले आणि कुंटणखान्यांचे मालक. लाउडरचं मिशन त्यांच्या गिऱ्हाइकावर उठलं होतं, वस्तीतल्या मुलींना बाहेर काढत होतं. या मंडळींना लॅटिन आणि इंग्रजी प्रार्थनेतला फरक कळत असेल असं मला वाटत नाही. धंदा बसतोय हे कळत होतं. धर्म बुडाला अशी हाकाटी कोण आणि कशासाठी करतं, हे आपल्याला काय कुणी लंडनहून शिकवायला हवं?

लाउडर आणि मॅकनॉकी यांना तर जमावानं गोदीच्या पुलापर्यंत पिटाळलं होतं. पाण्यात ढकलणारच होते, पण काही जणांनी पूल अडवून धरला. गाईडच्या गोष्टीत लाउडर चक्क पाण्यात पडला होता. नाही पडला.

जुलै १८६० मध्ये किंग तब्येत मोडून निघून गेले. दंगलखोर जिंकले म्हणायचं. पण लाउडर हलले नाहीत. मोठं चर्च हातचं गेलं, तेव्हा ते गोदीच्या पलीकडच्या तट्ट्यांत, पत्र्याच्या प्रार्थनाघरात काम करत राहिले आणि सहा वर्षांनी तिथेच स्वतःचं चर्च उभं केलं. तेच सेंट पीटर्स, लंडन डॉक्स.

सेंट जॉर्जपासून तिथे जायला हायवे ओलांडायचा आणि समोरच्या वॉपिंग लेननं आत शिरायचं. दहा मिनिटं. ओलांडल्याबरोबर आवाज मागे पडतो, उजवीकडे टोबॅको डॉक, मग कालवा, पाणी, बदकं. फार छान आहे, पण त्यावर मी काही लिहीत नाही, छान जागा तुमच्या तुम्हाला सापडतील. चर्च रस्त्यावरून पटकन नजरेत भरत नाही, विटांच्या इमारतींच्या ओळीतच मिसळून गेलंय, आम्ही एकदा पुढे गेलो आणि परत आलो.

दार बंद.

शनिवारी दुपारी कुणी नाही. बेल वाजवली, कुणी नाही. नणंद रस्त्याच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, ‘वहिनी, तुम्ही बाहेरून फोटो काढा, आपण घरी जाऊ.’ तिच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. काढला फोटो. लाल-पिवळ्या विटा, ओल्या. वॉपिंग स्टेशनवरून गाडी धरली. हे स्टेशन ब्रुनेल बापलेकांनी थेम्सखालून खोदलेल्या बोगद्याच्या तोंडाशी आहे, बोगदा १८४३ चा. एरवी मी त्यावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मला फक्त जिने दिसले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी एकटी परत गेले. नणंद पाय गरम पाण्यात बुडवून बसली होती. आणि इथून पुढे मी जे सांगते ते जरा हात राखून वाचा, कारण मी त्या दिवशी एकदम खुशीत होते.

दार उघडं होतं. आत अंधार आणि विटा, वरपर्यंत विटा. संगमरवर नाही, झगमगाट नाही. मग घंटा वाजली आणि धुपाटणं आलं. साखळ्यांना लटकवलेलं, एक तरुण मुलगा झुलवत होता, आणि प्रत्येक झोक्याला साखळी झाकणावर आपटून बारीक टिक्‌ असा आवाज यायचा. झोका, टिक्‌, धूर. झोका, टिक्‌, धूर. माझ्या मागच्या बाकावर एक आजोबा, तोंडावळ्यावरून गोदीतलं आयुष्य गेलेलं, ते त्या धुराला डोकं वाकवत होते, बघून वाकवावं तसं नाही, सवयीनं. आपण आरतीला हात फिरवतो तसं. धूर उंच खिडकीच्या उजेडात गेला आणि तिथेच रेंगाळला. या धुरासाठी इंग्लंडात लोक तुरुंगात गेले. १८७४ मध्ये याच टेटसाहेबांनी, आता आर्चबिशप, पार्लमेंटकडून कायदा करून घेतला, आणि त्याखाली पाच पाद्री आत गेले. त्यातले मँचेस्टरचे सिडनी ग्रीन तर जवळजवळ वीस महिने. लोकांना ते काही रुचलं नाही. देवाला धूप दाखवला म्हणून कोठडी, हे कायद्याच्या बाजूच्या लोकांनाही लाजिरवाणं वाटायला लागलं आणि कायदा कपाटात पडून राहिला.

उपासनेनंतर मागे चहा होता. एका बाईंनी विचारलं कुठून आलात, मी म्हटलं पुणे. मग वाँटेजच्या सिस्टर, पंचहौद, आठ घंटांचा मनोरा, सगळं सांगितलं. त्यांना वाँटेज माहीत होतं, पंचहौद नव्हतं. चहा घेतला. बिस्किटही घेतलं. मनात म्हटलं, छापा नाव.

त्या बाईंनीच मला जाताजाता सांगितलं की इथे लाउडरना ‘फादर’ म्हणायला लागले ते पटकीमुळे. हे मी आधी वाचलं होतं, पण तिथे उभं राहून ऐकणं निराळं. अँग्लिकन पाद्र्याला तेव्हा ‘मिस्टर’ म्हणायचे. जून १८६६ मध्ये चर्चचं समर्पण झालं आणि काही आठवड्यांत पूर्व लंडनमध्ये पटकी आली. लंडनमधली ही शेवटची मोठी साथ. पूर्व भागात पाच हजारांहून जास्त माणसं गेली. बाकीच्या लंडनला नवी गटारं मिळाली होती, इथली पुरी व्हायची होती. आणि पाणी पुरवणारी कंपनी ओल्ड फोर्डच्या उघड्या तळ्यातलं न गाळलेलं पाणी नळाला सोडत होती. कंपनी म्हणे, छे, आमचं पाणी गाळलेलं. मग लोकांच्या नळातून जिवंत वाम मासे निघाले. गाळणीतून वाम कसा येतो, एवढाच प्रश्न उरला.

लाउडर आणि त्यांचे सहकारी घरोघर जात होते. त्यांच्या बरोबर होत्या एलिझाबेथ नील यांच्या सिस्टर. या बाई १८५७ पासून इथे होत्या, आणि लिहिणारे त्यांना एका ओळीत उरकतात, म्हणून मी मुद्दाम नाव घालते. आजारी पोरांना लाउडर स्वतः उचलून हॉस्पिटलमध्ये नेत. ऑक्सफर्डचे वयोवृद्ध पंडित डॉक्टर प्युसी सुट्टीत येऊन रुग्णांच्या सेवेला राहिले. पळून जायला सगळ्यांना जागा होती. कुणी गेलं नाही. साथ ओसरली तेव्हा वस्ती लाउडरना ‘फादर’ म्हणत होती.

१८८० च्या सप्टेंबरात ऑस्ट्रियातल्या त्सेल आम झे गावी सुट्टीवर असताना ते वारले. वय साठ. शव वॉपिंगला आणलं तेव्हा रस्ते गोदी कामगारांनी भरले होते, वीस वर्षांपूर्वी ज्या रस्त्यांवर त्यांना हुसकलं होतं तेच. मग वस्ती अँग्लो-कॅथलिक झाली का? नाही. बहुतेक गोदीवाले रविवारी चर्चमध्ये आले नाहीत, तेव्हाही आणि नंतरही. त्यांना मेणबत्त्यांचं ना प्रेम ना राग. आपल्या दारात राहणारा माणूस त्यांना कळला होता. मला वाटतं पंचहौदातही असंच झालं. आमच्या गल्लीत बाप्तिस्मा घेतलेली घरं मोजकी, पण सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या बायका घरटी एक.

एक गोष्ट आणखी, कारण ती आपल्यालाही जवळची आहे. होबर्न असो की वॉपिंग, या चर्चमध्ये बसायला भाडं नव्हतं. तेव्हा इंग्लंडात बाकं भाड्यानं जायची. पैसेवाल्याचं बाक पुढे, दाराची कडी लावून. गरीब मागे, बऱ्याचदा उभे. धूप आणि झग्यांवर एवढं लिहिलं गेलंय, पण गुत्त्यातून उठून आलेल्या माणसाला कुठेही बसू देणं हे मला जास्त धाडसाचं वाटतं.

आता जाणाऱ्यांसाठी.

टॉवर हिलवरून हायवेनं चालत जाऊ नका. कुणी कितीही सांगितलं तरी. शॅडवेल स्टेशनला उतरा, केबल स्ट्रीटनं या. १९३६ मध्ये फॅसिस्टांचा मोर्चा लोकांनी इथेच अडवला, त्याचं भलंमोठं भित्तिचित्र वाटेत लागतं. त्याच्या मागच्या बागेतून सेंट जॉर्ज. मग हायवे फक्त आडवा ओलांडायचा, सिग्नलला, आणि वॉपिंग लेन. परत जाताना वॉपिंग स्टेशन किंवा १०० नंबरची बस. एवढं सगळं दोन तासांत आरामात होतं.

शनिवारी जाऊ नका. सेंट पीटर्स बघायचं तर रविवारच्या उपासनेला, वेळ आधी फोन करून विचारून. उपासना चालू नसेल तर तिथे जाण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नुसत्या विटा बघून काय करणार? फोटो काढू नका, मागे बसा, बाकीचे उभे राहिले की उभे राहा. धुराचा त्रास असेल तर दाराजवळचं बाक धरा.

जुने बूट घाला. वॉपिंग हाय स्ट्रीटला दगडी फरसबंदी आहे, चाकाची बॅग ओढत आणलीत तर हात दुखून येईल. नदीकडे उतरणारे जुने दगडी जिने दिसतात. शेवाळ आहे, उतरू नका. मी उतरले, पडता पडता वाचले, त्यावर अधिक बोलायचं नाही. सार्वजनिक स्वच्छतागृह मला वाटेत एकही दिसलं नाही, बायकांनी निघतानाच विचार करावा. खाणं बरोबर घ्या. चिकटपट्ट्या घ्या.

होबर्न त्याच दिवशी करायचं असेल तर सकाळी वेगळं करा आणि मध्ये गाडीनं या. दोन्ही एका दमात चालत जोडायचा हट्ट गाईड लोकांचा आहे, कारण मधल्या अंतरात रिपर घालता येतो.

पायी सहलीला पैसे भरू नका. वर लिहिलेलं सगळं फुकट बघता येतं. दानपेटीत टाकायचे ते टाका. मी २२ टाकणार होते, तत्त्व म्हणून, पण शेवटी दहा टाकले.

सहलवाल्यांना मी त्याच रात्री लिहिलं : जाहिरातीतलं चर्च दाखवलं नाही, साल चुकीचं, ४४ पौंड परत करा. टिपेचे दोन मी सोडून दिले. तीन दिवसांनी उत्तर आलं. परतावा नाही, पण पुढच्या सहलीवर दहा टक्के सूट. सोबत पुढच्या सहलीची माहितीही जोडली होती : जॅक द रिपर, खास रात्रीची.